पऱ्हाटीचा ढीग

पुण्यातून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, टोलनाका यायच्या आत एक तरी पाटी दिसतेच : 'चुलीवरचं मटण'. मग चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा. आपण आयटीवाले शनिवारी तिथे रांग लावतो, जास्तीचे पैसे मोजतो, धुराचा वास आला की 'अहाहा' म्हणतो आणि जेवायच्या आधी फोटो काढतो. तीच चूल यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या घरात पेटलेली दिसली, आणि तीही लाल सिलिंडरच्या शेजारी, की मात्र आपला सूर बदलतो. 'अजून चूल? गॅस दिलाय ना सरकारनं?'

मला दोन्ही सूर पटत नाहीत. त्या घरातली चूल ही चवीची गोष्ट नाही आणि अडाणीपणाचीही नाही. ती बॅकअप आहे. आणि बॅकअप बंद करा असं सांगण्याआधी मुख्य सिस्टिम वर्षातून किती वेळा बसते ते बघायचं असतं, हे आपल्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या सहा महिन्यांत शिकवतात. गावाबद्दल बोलताना मात्र आपण ते सोयीस्करपणे विसरतो.

या वीकएंडला म्हणून सरपणावर लिहितोय. हसू नका, विषय गंभीर आहे.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहून आलेले मित्र तिथल्या हिमवादळाच्या तयारीचं मोठं कौतुकानं सांगतात. ज्या घरांत लाकडाची शेगडी पेटवून घर ऊबदार ठेवतात, तिथे वादळाचा इशारा आल्यावर लाकूड आणायला कोणी धावत नाही. तेव्हा वेळ गेलेली असते. लाकूड निदान सहा महिने आधी फोडून वाळत घातलेलं असतं. जमिनीपासून उचलून रचायचं, वरून झाकायचं, बाजू उघड्या ठेवायच्या, आणि दोन-चार दिवस पुरेल एवढं दाराच्या आत आणून ठेवायचं. ऐकताना वाटतं, काय शिस्त आहे लोकांची!

ही सगळी शिस्त यवतमाळात जशीच्या तशी आहे. फक्त तिथे बर्फ नाही, पाऊस आहे. पारा मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे घर गरम करायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रोज दोन वेळा चूल पेटवायचा. नक्षत्रं पाळणारी माणसं मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आसपास, सरपण आत घेतात. त्यानंतर भिजलेलं लाकूड वाळवायला ऊन मिळेलच याची खात्री नाही.

ही तयारी सुरू होते मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणी संपली की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या, बैलगाडीतून नाहीतर डोक्यावरून घरी आणायच्या. तूर निघाली की तुराट्या. गाई-बैलांच्या शेणाच्या गोवऱ्या हिवाळ्यापासून उन्हाळाभर थापून वाळवायच्या. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या, असतील तर. कोलामांच्या पोडावर आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत यात रानातल्या मोळ्यांची भर.

प्रत्येकाचं काम वेगळं. तुराटी झटकन पेटते आणि झटकन संपते, ती चूल धरवायला. पऱ्हाटीचा जाळ मोठा, तो भाकरीला. गोवरी हळू धुमसते, तिच्यावर दूध आटतं, आंघोळीच्या पाण्याचा गंज तापत राहतो. बाभळीचं खोड राखून ठेवायचं, झडीच्या दिवसांसाठी किंवा घरात बाळंतीण असेल तर. (आपल्याकडे याला 'टियर्ड स्टोरेज' म्हणतात आणि त्याच्यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग देतात.)

मग मे महिना अखेरीला सगळा ढीग हलवायचा. खाली दगड किंवा फाटे टाकून त्यावर रचायचा, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवी जरा लांब राहते. वर पन्नी, पन्नीवर दगड. आठ-दहा दिवसांचं सरपण पडवीत. रोजच्यापुरतं चुलीच्या उबेला, म्हणजे उद्याचं सरपण आजच्या जाळावर वाळतं. त्याच आठवड्यात कवेलू नीट बसवून घ्यायचे, फुटलेले बदलायचे, चुलीला नवं पोतेरं द्यायचं, काडेपेटी प्लास्टिकच्या डब्यात घालून उंच ठेवायची. कुठे लिहिलेली चेकलिस्ट नाही. पण घरातल्या बाईला विचारा, एकही पायरी चुकत नाही.

कोरडं-कोरडं एवढं का करायचं, याचं उत्तर शाळेतल्या फिजिक्समध्ये आहे. ओल्या लाकडात वजनाच्या चाळीस टक्के पाणी असेल, तर किलोभर लाकडात जळण्याजोगं सहाशे ग्रॅमच उरतं. वर त्या चारशे ग्रॅम पाण्याची वाफ करायला आधी उष्णता खर्च होते. म्हणजे हातात येणारी उष्णता जवळजवळ निम्मी. आणि जाळ पुरेसा तापत नाही म्हणून लाकडातून निघालेले वायू न जळताच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. ओलं सरपण म्हणजे दुप्पट लाकूड, दुप्पट वेळ आणि कितीतरी जास्त धूर. कोरड्या सरपणाचा साठा ही नुसती सोय नाही, ती घरातल्या बाईच्या छातीची काळजी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थोडा हिशोब. (मी इंजिनियर आहे, मला राहवत नाही.) घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोला साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता आणि त्यातली साठेक टक्के भांड्यात उतरते असं धरू. म्हणजे एका सिलिंडरमागे ३९० मेगाज्यूलच्या आसपास कामाची उष्णता. कोरडी पऱ्हाटी किलोला १७ मेगाज्यूल धरली आणि साध्या चुलीत त्यातली जेमतेम बारा टक्के भांड्याला लागते असं धरलं, तर किलोमागे दोन मेगाज्यूल. भागाकार करा : एका सिलिंडरचं काम करायला सुमारे १९० किलो पऱ्हाटी लागते. एक एकर कपाशीतून साधारण टनभर पऱ्हाटी निघते असं धरलं, तर एका एकरात पाच सिलिंडरांचा स्वयंपाक उभा आहे. दोन-तीन एकरवाल्या घराचं वर्ष त्यात निघतं. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज यायला पुरेसे.

या पाच सिलिंडरांसाठी रोख एक रुपयाही जात नाही. आणि इथेच खरी मेख आहे.

कापसाचा पैसा घरात येतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत तो संपलेला असतो. बियाणं, खत, निंदणाची मजुरी, पोरांच्या वह्या-पुस्तकं आणि गणवेश, सगळं एकाच महिन्यात येऊन आदळतं. पीककर्ज मिळालं तर मिळालं, नाहीतर सावकार. नेमक्या याच महिन्यात सिलिंडर संपला तर नव्याचे पैसे एकरकमी काढायचे कुठून? अनुदान नंतर खात्यात जमा होतं हे खरं, पण आधी खिशातून द्यावे लागतात. पऱ्हाटीचा ढीग हा फेब्रुवारीत कष्टाने भरलेला आणि जुलैत वटणारा चेक आहे. ज्या महिन्यात हातात पैसा नसतो त्या महिन्यासाठी ठेवलेली शिल्लक. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, बेगमी.

नात्यातल्या एका आत्याला मी एकदा विचारलं होतं, गॅस असताना एवढा ढीग कशाला रचता? ती म्हणाली, "सिलिंडर सांगून सरते का रे बाबू? अर्धी भाकर तव्यावर असली का फुस्स. पऱ्हाटी कशी, सकायी डोयानं पाह्यली का समजते, पोयापावतर पुरते का नाही थे."

मॉनिटरिंगवर एवढं नेमकं बोललेलं मी कुठल्या कॉन्फरन्समध्ये ऐकलेलं नाही. ढीग दिसतो. किती उरला ते रोज कळतं. कमी पडणार असेल तर दहा दिवस आधी हात आखडता घेता येतो. सिलिंडर आहे की नाही, एवढंच कळतं, आणि नाही हे कळतं तेव्हा तवा तापलेला असतो.

आता सरकारी बाजू. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिलं गेलं. पुढे दुसरा टप्पा आला आणि आकडा दहा कोटींच्या वर गेला. हे काम छोटं नाही, त्याची टिंगल करणारा मी नाही. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही झालं, तिला ते काय वाटलं असेल हे मला पुण्यात बसून सांगायची गरज नाही.

पण कनेक्शन म्हणजे वापर नव्हे. कॅगने २०१९ मध्ये या योजनेचा अहवाल दिला, त्यात डिसेंबर २०१८ अखेर ज्यांना वर्ष झालं होतं अशा ३.१८ कोटी ग्राहकांची सरासरी काढली आहे : वर्षाला ३.२१ सिलिंडर. फक्त गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या घराला सात-आठ तरी लागतात. मधल्या वर्षांत अनुदान वाढलं, मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रुपये झालं. राज्यानेही २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत द्यायची योजना जाहीर केली. सरासरी चारच्या आसपास सरकली. म्हणजे दहा कोटी घरांत गॅस आहे आणि त्यातल्या बहुतेक घरांत चूलही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्स्टॉल झालंय, पण डेली ॲक्टिव्ह युजर नाहीत.

या आकड्यावर शहरी माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, 'त्यांना सवय बदलायची नाही.' सवय? जी बाई दिवसभर निंदण करून चिखलातून भिजत घरी येते, तिला फुंकणीने चूल फुंकायची हौस असेल? तिने हिशोब केलेला असतो. पाहुणे आले, पोराची सकाळची शाळा आहे, कोणी आजारी आहे, तेव्हा गॅस. बाकी पऱ्हाटी. दुर्मिळ आणि महागडी गोष्ट जपून वापरणं याला सवय नाही, शहाणपण म्हणतात.

पैशापलीकडचा मुद्दा पुरवठ्याचा. २२ जुलै २०२३ ला यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि तिथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. तांडा पाण्याखाली जातो तेव्हा पऱ्हाटीचा ढीगही वाहून जातो, हे कबूल. चूल काही सगळ्या संकटांवरचा उतारा नाही. पण त्याच पावसात ज्या गावांचं घर-दार शाबूत होतं आणि फक्त नाल्यावरचा पूल बुडाला होता, तिथला विचार करा. गॅसची गाडी येत नाही. वीज गेली की इंडक्शन बंद. टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइल बंद, मग सिलिंडरचं बुकिंगही बंद. तीन वेगवेगळ्या सोयी दिसतात, पण तिन्ही त्याच एका रस्त्यावर आणि त्याच खांबांवर उभ्या आहेत. एक पडलं की तिन्ही पडतात. याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, आणि डेटा सेंटरमध्ये असं डिझाइन कोणी पास करणार नाही.

हे फक्त गावात होतं असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्ससला हिमवादळ आलं. तिथली बरीचशी वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. थंडीने वायूच्या विहिरी आणि यंत्रणा गोठल्या, म्हणून वीज कमी पडली. वीज तोडावी लागली, म्हणून वायू दाबून पुढे पाठवणारे पंप बंद पडले, म्हणून वीज आणखी कमी पडली. घरं गरम करायची साधनंही याच दोहोंवर चालणारी. राज्य सरकारच्याच मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. जगातल्या श्रीमंत देशातलं ऊर्जेने भरलेलं राज्य, आणि बॅकअपचा बॅकअप एकाच साखळीत ओवलेला. ज्यांच्या घरी लाकडाची शेगडी आणि कोरडं लाकूड होतं त्यांच्यापाशी निदान एक गोष्ट अशी होती जी कुठल्याही वायरवर किंवा पाइपवर अवलंबून नव्हती.

आपल्या सिलिंडरची साखळी तर याहून लांब आहे. देशाला लागणारा निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस आयात होतो, बहुतेक आखातातून. होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून महागावच्या तांड्यापर्यंत मध्ये किती कड्या आहेत मोजा. पऱ्हाटीच्या साखळीत दोनच : शेत आणि अंगण.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी चुलीचा भाट झालो. थांबा. बॅकअपला खर्च असतो, आणि हा खर्च कोण भरतं ते पाहिल्याशिवाय चुलीची बाजू घेणं म्हणजे त्या ढाब्यावरच्या फोटोसारखंच.

पहिला खर्च धुराचा. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पावसाळ्यात हा धूर सगळ्यात वाईट, कारण सरपण दमट आणि दारं-खिडक्या बंद. आणि चुलीपुढे कोण बसतं हे काही सांगायला नको.

दुसरा खर्च वजनाचा. मघाच्या हिशोबात एका सिलिंडरला १९० किलो निघाले ना? डोक्यावरची एक मोळी पंचवीसेक किलोची धरा. एका सिलिंडरच्या बदल्यात सात-आठ मोळ्या. सरपण फुकट आहे असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा या मोळ्यांची मजुरी शून्य धरलेली असते. घरातल्या बाईची मजुरी शून्य धरली की जगातली कुठलीही गोष्ट स्वस्तात पडते.

तिसरा खर्च रानाचा. पांढरकवडा-राळेगाव भागात 'अवनी' वाघिणीच्या नावावर २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे मृत्यू लागले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तेव्हा आपण सगळे सोशल मीडियावर दोन गटांत भांडलो, वाघीण बरोबर की गावकरी. पण त्या परिसरात गुरं चारणं, शेत राखणं आणि सरपण आणणं ही रोजची कामं करायला रानाच्या कडेला जावंच लागतं, हा साधा मुद्दा भांडणात हरवला. ज्याच्या घरी सात-आठ सिलिंडर परवडतात त्याला निदान सरपणासाठी तरी जावं लागत नाही.

आणि चौथा, खास कापूसवाल्यांचा. पऱ्हाटीवर उरलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातल्या कपाशीची धूळधाण केली. तेव्हापासून कृषी विभाग आणि विद्यापीठं कानीकपाळी ओरडतायत की वेचणी वेळेत संपवा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, जमल्यास यंत्राने बारीक करून जमिनीत गाडा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण तो देणाऱ्याने पऱ्हाटीला कचरा मानलेलं आहे. घरातल्या बाईसाठी ती पाच सिलिंडरं आहेत. एकाच ढिगाकडे दोन खाती बघतायत, कृषी खात्याला त्यात अळी दिसते आणि गॅस योजनेला त्यात मागासलेपण दिसतं. त्यात रात्रीचं जेवण आहे हे कोणाच्याच फायलीत नाही.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात. तिन्ही खर्चाच्या मानाने लहान आहेत.

पहिली, सिलिंडरला पावसाळ्याआधी बेगमीची सोय द्या. शहरात आपल्याकडे दोन सिलिंडर असतात, एक संपला की दुसरा लावून निवांत बुकिंग करतो. योजनेतल्या बहुतेक घरांत एकच असतो. तो संपला की घर थेट चुलीवर. या घरांना मे महिन्यात दुसरा सिलिंडर द्या, पाच किलोचा छोटा दिला तरी चालेल, आणि त्याचे पैसे कापूस विकल्यावर घ्या. पीककर्ज हंगामाप्रमाणे देता येतं, तर गॅस का नाही? पैसा असला की लोक गॅस वापरतात याचा पुरावाही आहे. एप्रिल २०२० पासून लॉकडाउनमध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकांना तीन सिलिंडरांपर्यंतचे पैसे आगाऊ खात्यात दिले, तेव्हा देशभरात कोट्यवधी सिलिंडर उचलले गेले. तेव्हा कोणाची सवय आडवी आली नाही.

दुसरी, चूल राहणारच आहे हे मान्य करून घर बांधा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. त्यात सरपणाला जागा कुठे? जुन्या कवेलूच्या घराला पडवी होती, कवेलूंच्या फटींतून धूर निघून जायचा. नव्या स्लॅबच्या घरात पडवी गेली आणि फटीही गेल्या. सरपण पन्नीखाली भिजतं आणि धूर खोलीत कोंडतो. म्हणजे पक्कं घर मिळाल्यावर धूर वाढला! आराखड्यात एक पत्र्याचं छपरी कोपटं आणि एक धुराडं एवढंच वाढवलं, तर कोरडं सरपण आणि मोकळी हवा दोन्ही मिळतील. तिथे आणलेल्या पऱ्हाटीची बोंडं आधी झोडून जाळून टाकली, तर कृषी खात्याची तक्रारही बरीचशी मिटेल.

सुधारित चुली वाटा असं मी मुद्दामच म्हणत नाही. देशात १९८३ ते २००२ या काळात सरकारने सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या. त्यातल्या बऱ्याच चुली तुटल्यावर दुरुस्त करायला कोणी नव्हतं, आणि कार्यक्रम मोजत होता तो वाटलेल्या चुलींचा आकडा, पेटणाऱ्या चुलींचा नव्हे. नाव बदललं तरी खोड तीच.

म्हणून तिसरी गोष्ट, मोजमाप बदला. कनेक्शन किती दिली हे आता पुरे झालं. वर्षाची सरासरीही पुरेशी नाही, कारण सरासरीत दिवाळीचा सिलिंडर आणि झडीतला उपास एकत्र होतात. गावनिहाय जुलै आणि ऑगस्टचे रिफिल मोजा. हा डेटा गॅस कंपन्यांच्या सर्व्हरवर तारखेसकट पडलेलाच आहे, आपल्यापैकीच कोणीतरी ती सिस्टिम लिहिली असेल. एक क्वेरी चालवायची आहे. ज्या गावात पावसाळ्यात रिफिल शून्यावर येतात, त्या गावात मुख्य सिस्टिम दरवर्षी दोन महिने बंद असते असं समजायचं. मग कारण शोधायचं : पैसा, पूल, की गाडी.

'पण चूल ठेवली की लोक गॅसकडे वळणारच नाहीत,' असं म्हणणारे भेटतील. याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्या आज्यांनी स्टोव्ह कधी टाकला? गॅस आला त्या दिवशी नाही. दुसरा सिलिंडर आला, नंबर लावल्यावर चार दिवसांत घरपोच मिळू लागला, तोवर स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा कपाटाखाली होताच. मग एक दिवस कोणी न सांगता तो भंगारात गेला. आज्यांना कोणी उपदेश केला नव्हता. पुरवठ्यावर विश्वास बसला, एवढंच.

यवतमाळातला पऱ्हाटीचा ढीगही तसाच कमी होईल. मृगाआधी तो किती उंच रचला जातो, हेच सिलिंडरवरच्या विश्वासाचं माप समजा. ढीग उंच असेल तर दोष रचणारीचा नाही. तिने आपलं काम चोख केलंय. उरलंय ते दुसऱ्या बाजूचं.

असो. पटलं तर बघा, नाही पटलं तर भांडायला आहेच मी. आणि गावी घर असेल तर या जूनमध्ये एक फोन करा. पाऊस आला का हे सगळेच विचारतात. सरपण आत घेतलं का, आणि दुसरा सिलिंडर आहे का, हेही विचारा.